वाढत्या मापाची बॅट

बॅट जमिनीवर उभी टेकवून बापाने ती खारूच्या पायाला चिकटवली आणि मूठ कुठवर येते ते वाकून पाहिलं. मूठ कमरेच्या वर चांगली चार बोटं गेली होती. ते बघून त्याला समाधान वाटलं.

"ही द्या," तो म्हणाला.

"ही कशी देऊ?" दुकानदारीण काउंटरमागून बाहेर आली. "दोन मापं मोठी आहे ती, दादा."

"मोठीच हवी आहे. वाढतं अंग आहे तिचं."

"अंग वाढतं, कबूल. पण पोरगी खेळणार आत्ताच्या अंगाने ना?"

खारू दोघांच्या मध्ये उभी होती. कपडे शिवायला टाकताना मापं घेतात तेव्हा मुलं जशी उभी राहतात, तशी, हात अंगापासून जरा लांब धरून आणि नजर समोरच्या भिंतीवर लावून. तिचं खरं नाव शाळेत होतं. घरी ती खारू होती, कारण चालायला लागल्यापासून ती कधी चाललीच नव्हती, पळतच होती.

दुकान अरुंद होतं आणि आत लांबवर गेलेलं होतं. छताला जाळीच्या पिशव्यांत फुटबॉल टांगलेले, वर रबर आणि नव्या चामड्याचा वास. डाव्या भिंतीला लाकडी खाचांमध्ये सॉफ्टबॉलच्या बॅटी ओळीने उभ्या होत्या. दारापाशी अगदी लहान पोरांच्या, आणि आत जावं तशा मोठ्या होत गेलेल्या. पार शेवटी, जिथे ट्यूबचा उजेड नीट पोचत नव्हता, तिथे बाप्यांच्या आणि कॉलेजच्या मुलींच्या. दुकानदारीण एके काळी स्वतः खेळत असावी. तिची मनगटं जाड होती आणि उजव्या हाताचं एक बोट कधीतरी मोडून वाकडंच बसलेलं होतं.

वाढतं माप हा त्या घराचा धर्म होता. खारूचा गणवेश कायम आतून दुमडलेला, बुटांच्या टोकात कापसाचे बोळे. पहिलीत गेली तेव्हा रेनकोटच शाळेत निघालाय आणि आत कुणीतरी आहे की नाही याची शंका यावी, असा तिचा थाट होता. बापाच्या स्वतःच्या लग्नातला कोटसुद्धा वाढत्या मापाचाच घेतलेला. अंग काही वाढलं नाही, कोट मात्र अजून आशेवर कपाटात लटकत होता. या सवयीची घरात सगळे थट्टा करत आणि दुकानात गेले की सगळे तेच करत.

पण आज त्याच्या हट्टाचं कारण निराळं होतं. सोमवारी सकाळी त्याला तुरुंगात हजर व्हायचं होतं.

तो ट्रक चालवायचा. लांब पल्ल्याचा, रात्रीचा. मागच्याच्या मागच्या वर्षी, सलग दोन रात्री झोप नसताना, पहाटे त्याचा डोळा लागला आणि सायकलवरून कामाला निघालेला एक माणूस ट्रकखाली आला. गाडीला बसलेला हिसका त्याला कळला होता. काय झालं तेही कळलं होतं. तो थांबला नाही. पुढच्या पेट्रोलपंपावर त्याने बादलीभर पाणी मागून घेतलं आणि ट्रकचं पुढचं तोंड धुतलं. लागलेली डुलकी न्यायाधीशांनी एक वेळ समजून घेतली असती. बादली त्यांना समजली नाही, आणि खरं सांगायचं तर ती त्यालाही कधी समजली नाही. अपील झालं, तेही फेटाळलं गेलं. सात वर्षं.

खारूला काही सांगायचं नाही, हे घरात तिच्या काकूने ठरवलं. लांब कुठेतरी धरण बांधतायत, तिथे दोन वर्षं गाडी चालवायचं कंत्राट मिळालंय, असं सांगायचं. तिथे फोनला रेंज नाही, ही पुस्तीही काकूचीच. दोन वर्षांनी काय सांगायचं ते दोन वर्षांनी बघू. तो हो म्हणाला. त्या दिवसांत कुणीही काहीही ठरवलं असतं तरी तो हो म्हणाला असता. खारूची आई तेवढी म्हणाली, "मला हे पटत नाही," आणि भांडी घासायला निघून गेली. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. आताही ती दुकानाबाहेर, बंद शटरच्या पायरीवर बसली होती. "तुमचं तुम्ही बघा, मला त्या खेळातलं काही कळत नाही," एवढं बोलून तिने पिशवी मांडीवर घेतली होती.

तेव्हा बॅट निदान ती दोन वर्षं पुरली पाहिजे, असा त्याचा हिशोब होता. शाळेच्या संघात खारूची निवड झाली होती. शाळेतल्या बॅटी सामायिक, पोचे पडलेल्या, मुठीची पट्टी सुटलेल्या. ज्यांना जमेल त्यांनी स्वतःची आणा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आणि आणायची तर ती आणणारा सोमवारपासून नसणार होता. तो नसताना पोर लहान झालेल्या बॅटने खेळतेय, किंवा त्यापायी खेळतच नाहीये, हे चित्र गेले काही दिवस त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तुरुंगातल्या इतर कशाचा विचार त्याने अजून केलाच नव्हता. हा एक विचार करता येण्यासारखा होता, म्हणून तो हाच करत होता.

"हे बघा," दुकानदारीण म्हणाली, "जड बॅट दिली की पोर खांदा टाकते. एकदा खांदा टाकायची सवय लागली की मग देव आला तरी ती सुटत नाही. ही न्या निळी. हिच्या मापाची आहे. पुढच्या वर्षी या, ही परत करा, मी मोठी देते. माझ्याकडे सगळे तसंच करतात."

"पुढच्या वर्षी नाही जमणार."

"मग त्याच्या पुढच्या वर्षी."

"मी कामाला बाहेर चाललोय." त्याचा आवाज विनाकारण चढला. "परत परत दुकानात यायला कोण आहे इथे?"

दुकानदारिणीने त्याच्याकडे पाहिलं, मग काचेतून बाहेर पायरीवर बसलेल्या बाईकडे पाहिलं. नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळलं आणि त्यात न पडण्याइतकी ती या धंद्यात मुरलेली होती.

"ठीक आहे. तुमचा पैसा, तुमची पोर. पण हातात धरायला लावल्याशिवाय मी बॅट देत नाही. माझा नियम आहे. धर गं, बाळा. एका हातात. असा बाजूला, सरळ. खांद्याच्या रेषेत. मी सांगेपर्यंत खाली घ्यायचा नाही."

खारूने मोठी बॅट उजव्या हातात धरली आणि हात बाजूला ताठ केला.

"कितवीत आहेस?"

"सहावीत."

"कुठे खेळतेस?"

"सेंटरला. कधी कधी शॉर्टस्टॉप."

"पळतेस वाटतं चांगली."

"हो."

दुकानदारीण प्रश्न विचारत होती खरी, पण तिचं लक्ष उत्तरांकडे नव्हतं. "तोंडाकडे बघू नका," ती बापाला हळूच म्हणाली. "पोरं तोंडाने काहीही सांगतील. कोपराकडे बघा."

त्याने पाहिलं. खारूचा चेहरा शांत होता, ओठ घट्ट मिटलेले. कोपर मात्र आधी थोडं थरथरलं, मग आत वळलं, मग बॅटचं टोक हळूहळू जमिनीकडे झुकायला लागलं. ती खांदा झुकवून ते सावरत होती.

"हे बघा. टाकला खांदा," दुकानदारीण म्हणाली. "पुरे, बाळा."

"सवय होईल तिला," तो म्हणाला. "होईल ना गं?"

 हात चोळत खारू दुकानात आत निघाली. बॅटींच्या ओळीच्या कडेकडेने, प्रत्येक मुठीवर बोट टेकवत ती पार शेवटपर्यंत गेली. तिथून तिने एक काळी बॅट दोन्ही हातांनी उपसली आणि जमिनीवर टेकवत, जवळजवळ ओढत, त्याच्यापाशी आणली. मघाशी त्याने केलं होतं तसंच तिने ती स्वतःच्या पायाला लावली. मूठ तिच्या बरगडीला टेकली.

"ही घेऊया," ती म्हणाली.

दुकानदारीण हसली. "अगं, ही कॉलेजच्या मुलींची."

तोही हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, त्यामुळे ते थोडं जास्तच झालं. "म्हणजे बापाच्या वरताण निघालीस की! मी दोन मापं मोठी म्हणतोय, तर ही घोड्यावर बसून... अगं, ही उचलायला तुला हमाल लागेल."

"आत्ता नाही. तुम्ही याल तेव्हा."

"मी येईन तोवर तू काय एवढी ताडमाड..."

"अठरा वर्षांची असेन," खारू म्हणाली.

मुठीच्या पट्टीचं एक टोक जरासं सुटलेलं होतं. ती ते नखाने आणखी उकलत होती आणि पुन्हा दाबून बसवत होती.

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते काढायचं कसं हे त्याला सुचेना.

"कोण म्हणालं तुला?"

"काकू गच्चीवर जाऊन फोनवर बोलते. तिला वाटतं वरून खाली ऐकू येत नाही." तिने एकदाच वर पाहिलं. "अख्ख्या बिल्डिंगला ऐकू येतं, पप्पा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मला चॉकलेट दिलं."

दुकानदारीण एकदम काहीतरी आठवल्यासारखी काउंटरकडे वळली आणि आधीच नीट रचलेली खोकी पुन्हा रचायला लागली.

तो खाली बसला, म्हणजे उकिडवा बसला, बॅटींच्या खाचांना पाठ लावून. आता खारू त्याच्यापेक्षा उंच दिसत होती. कधीपासून माहीत आहे, हे त्याला विचारायचं होतं. पण तो आकडा ऐकायची त्याची छाती झाली नाही. धरणावर मगरी असतात का, असं हीच पोर परवा जेवताना विचारत होती, आणि त्याने तिला मगरींची भलीमोठी गोष्ट रचून सांगितली होती. ती नीट मान डोलावत ऐकत होती. सगळं माहीत असून ऐकत होती.

"काकू म्हणते तुम्ही थांबला नाहीत," खारू म्हणाली. "खरंय?"

"खरंय."

"का नाही थांबलात?"

कोर्टात हाच प्रश्न त्याला तीन तऱ्हांनी विचारला गेला होता आणि वकिलाने पढवलेली तीन उत्तरं त्याने दिली होती. त्यातलं एकही आत्ता कामाचं नव्हतं.

"घाबरलो," तो म्हणाला.

तिने यावर विचार केला. "त्या दिवशी आपण खेळलो होतो."

"कुठल्या दिवशी?"

"त्याच. तुम्ही सकाळी आलात आणि मी ट्रकला हसले होते. आपल्या ट्रकने नुसतं तोंड धुतलंय, अंघोळ केलीच नाही, असं मी म्हटलं. मग आई पण हसली. तुम्ही पण हसलात."

त्याला आठवत होतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं. बाकी ट्रक चिखलाने माखलेला, आणि पुढचा भाग तेवढा लख्ख. पोरीने बरोबर तेवढंच टिपलं होतं. तिचं ते वाक्य नंतर कित्येक दिवस घरात चाललं. कुणी घाईघाईने तयार झालं की म्हणायचं, काय, ट्रकची अंघोळ का? पोलीस येईपर्यंत चाललं. बायको त्याच्याशी बोलेनाशी झाली ती शिक्षेमुळे नव्हे. आपण त्या बादलीवर हसलो, याचं तिला मरण वाटत होतं, आणि आपल्याला हसू देणारा माणूस समोर बसून तेव्हा भाकरतुकडा मोडत होता, हे तिला विसरता येत नव्हतं. तिने हे त्याला एकदाच सांगितलं होतं. पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

"आणि संध्याकाळी गोडाऊनच्या मागे तुम्ही मला बॉल टाकलात," खारू म्हणाली. "मी पहिल्यांदा भिंतीपलीकडे मारला, तो त्याच दिवशी. तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं."

"हो."

"मी सगळ्यांना तीच गोष्ट सांगते. मॅडमना पण तीच सांगितली होती." ती थांबली. "आता नाही सांगत."

बाहेरून एक बस गेली. दुकानाची काच थरथरून शांत झाली.

"ऐक," तो म्हणाला. "ती मोठी बॅट ठेव. आपण दुसरी घेऊ. तुझ्या मापाची."

"नको. हीच."

"हिने तुला खेळता येणार नाही."

"मी खेळणारच नाहीये. मी मॅडमना सांगितलंय, सोमवारपासून येणार नाही म्हणून. ही पलंगाखाली ठेवू. तुम्ही आलात की मग आपण खेळू. तेव्हा मला बरोब्बर होईल." ती घाईघाईने बोलत होती. हे सगळं तिने आधी मनात म्हणून पाहिलं असावं. "मध्ये दुसरी घ्यायला पण लागणार नाही. वाढत्या मापाची आहे."

हे ती त्याला खूश करायला बोलली होती. यात त्याला आनंद होईल, असं तिला खरोखर वाटत होतं. ते त्याला कळलं. सात वर्षं त्याने आजवर एकट्याच्या नावावर धरली होती. आत तो जाणार, बाहेर सगळं वाढत राहणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. पोर आपल्याबरोबर बसायला निघालीय, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पलंगाखाली काळी बॅट आणि पलंगावर ही, अठरा वर्षांची होईपर्यंत.

"असलं काही चालणार नाही," तो ओरडला. "उद्याच्या उद्या मॅडमना सांगायचं, मी येणार म्हणून. कळलं? मी सांगतोय."

"तुम्ही नसणार."

तिने ते उर्मटपणे म्हटलं नाही. नुसतं सांगितलं.

तो उठला. गुडघे धरून, खाचेचा आधार घेऊन उठला. दारापाशी गेला आणि त्याने दार अर्धवट उघडलं. पायरीवर बायको तशीच बसली होती, पिशवीच्या बंदाला गाठ मारत आणि सोडत. तिने वर पाहिलं नाही.

"अगं, आत ये जरा."

"झाली का घेऊन?"

"नाही. ये तू." मग त्याने आवाज खाली घेतला. "तिला सगळं माहीत आहे. सगळं म्हणजे सगळं. ट्रकचंसुद्धा."

गाठ मारणारा हात थांबला. ती रडेल असं त्याला वाटलं. तिने फक्त एक मोठा श्वास सोडला, पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्या अंगाला अंग न लागू देता दारातून आत आली. आत येताना पाय पुसले. दुकान होतं, पायपुसणंही नव्हतं, पण पुसले.

खारू काळी बॅट छातीशी धरून उभी होती. आईला बघून तिने ती आणखी आवळली.

"आई, ही बघ, ही मी..."

"ऐकते. आधी ती दे इकडे."

तिने बॅट लेकीच्या हातातून घेतली. तिला ती वाटली त्यापेक्षा जड लागली असावी, कारण हात एकदम खाली गेला. मग चालत जाऊन तिने ती भलत्याच खाचेत, क्रिकेटच्या स्टंपांमध्ये उभी केली. दुकानदारिणीने ती तिथेच राहू दिली.

"मी खेळणार नाहीये, आई. मी ठरवलंय."

"बरं."

"खरंच नाही खेळणार."

"नको खेळूस. मी कुठे म्हणतेय खेळ? सोमवारचं सोमवारी बघू." आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, जरा जोरातच. "पण या बाईंचा अर्धा दिवस आपण खाल्लाय. माप तर देऊन जा. बाई, हिला बरोबर होते ती कुठली?"

दुकानदारिणीने निळी बॅट काढून दिली. खारूने ती घेतली नाही. आईने घेतली, क्षणभर उलटीसुलटी करून पाहिली, कुठल्या टोकाला धरायची याचा अंदाज घेतला आणि मूठ लेकीच्या पंजात कोंबून तिची बोटं वरून मिटली. पोर लहान असताना ती तिच्या मुठीत चमचा असाच द्यायची.

"काय करायचं हिने?" तिने विचारलं.

"हात बाजूला. सरळ. खांद्याच्या रेषेत," दुकानदारीण म्हणाली.

खारूने बापाकडे पाहिलं. तो दाराशीच उभा होता. त्याने मान हलवली. कशासाठी हलवली ते त्यालाही सांगता आलं नसतं. खारूने हात वर घेतला. निळी बॅट सरळ राहिली. कोपर ताठ होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला एक हात मोकळा होता, पण ती तो वापरत नव्हती.

"आता ही किती दिवस पुरेल?" आईने विचारलं. "लहान झाली हे कळायचं कसं?"

"सोपं आहे," दुकानदारीण म्हणाली. इतक्या वर्षांच्या सवयीने ती बापाकडे वळली. बॅटीचं सगळं बापच विचारायला येत. "दादा, असं बघा, हात बाजूला धरून उभी केली आणि कंटाळा आला तरी कोपर हललंच नाही, की समजायचं..."

"त्यांना नका सांगू," बायको म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता. "मला सांगा. मीच येणार आहे."

दुकानदारीण थबकली. मग ती तिच्याकडे वळली आणि पहिल्यापासून सांगू लागली. बॅट पायाला कशी लावायची, मूठ कुठे यायला हवी, खांदा पडतोय हे मागून बघितलं तर कसं लवकर कळतं. बायको मध्ये मध्ये विचारत होती, एखादी गोष्ट दोनदा विचारत होती. तो जागचा हलला नाही. कान देऊन ऐकत राहिला, जणू त्यालाही हे कुणीतरी पुढे विचारणार होतं.

खारूचा हात अजून तसाच होता. किती वेळ झाला कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. आता कोपर किंचित थरथरलं. ते त्याने पाहिलं आणि पुरे म्हणायला तोंड उघडलं.

"पुरे, बाळा," बायको म्हणाली. ती कोपराकडेच बघत होती.